रुमातच्या टेकडीपाशी वीस मिनिटं : उमऱ्याला नेणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून उमरा-हजच्या सहली नेणारे सर्व आयोजक

अस्सलामु अलैकुम, आणि नमस्कार.

आमच्या समोरच्या घरातले आण्णा काही वर्षांमागे काशीला जाऊन आले. आल्यावर चार संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या घाटाला काय म्हणतात, अहिल्याबाईंनी देऊळ कसं पुन्हा उभं केलं, नावाड्यानं किती उकळले. गेल्या हिवाळ्यात मी उमऱ्याहून, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेहून, परत आले, तेव्हा आण्णा तिथल्या जमजम विहिरीचं पाणी डोळ्यांना लावून, तोंडात खजूर टाकून त्याच कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "हां वहिनी, आता तुमची पाळी. काय काय बघितलंसा?"

मी तोंड उघडलं, आणि मला हॉटेलचा बुफे आठवला.

काबा पहिल्यांदा समोर आला तेव्हा काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. ते मी सांगायलाही गेले नाही, आण्णांनीही विचारलं नाही. त्यांना बाकीचं हवं होतं. पैगंबरांना पहिला संदेश आला ती हिरा गुहा किती उंच आहे, त्यांची उहुदची लढाई नेमकी कुठे झाली, मदिन्याच्या रक्षणासाठी खणलेला खंदक अजून दिसतो का. मक्केत बिगर-मुसलमानाला प्रवेश नाही. म्हणजे मी सांगेन तेवढीच मक्का आण्णांच्या वाट्याला येणार होती. आणि एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईकडे सांगायला बसच्या खिडकीतून पळत गेलेली चार नावं होती. त्या संध्याकाळची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुमचं चांगलं बोलते, कारण ते खरं आहे. व्हिसा, विमान, मदिन्याच्या मशिदीतल्या रियाजुल जन्ना या जागेत जायच्या वेळेसाठी सौदी सरकारच्या नुसुक ॲपवरची खटपट, व्हीलचेअरी, हरवलेल्या चपला आणि हरवलेली माणसं, हे सांभाळणं खायचं काम नाही. आमच्या गटात बेचाळीस जण होतो, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. एकालाही तुम्ही उपाशी किंवा एकटं ठेवलं नाही. मदिन्यात एका रात्री कोल्हापूरहून नेलेल्या आचाऱ्यानं तांबडा रस्सा केला, तेव्हा आमच्यातले एक मामू वाटी हातात धरून नुसते बसून राहिले होते. मी कुठल्या कंपनीबरोबर गेले ते लिहिणार नाही. वेगवेगळ्या चार कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्या बायकांशी बोलले, सगळ्यांची गोष्ट एकच निघाली. तेव्हा दोष एकाचा नाही, पद्धतीचा आहे.

तुमच्या पत्रकावर हॉटेलचं अंतर, जेवणाच्या वेळा, बॅगेचे किलो हे सगळं ठळक छापलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते : मक्का-मदिना जियारत समाविष्ट. जियारत म्हणजे तिथली पवित्र ठिकाणं दाखवणं. ती ओळ ताटाच्या कडेला वाढलेल्या लोणच्यासारखी. मदिन्यात त्या लोणच्याचं काय झालं ते सांगते.

सकाळी सातला बस निघाली. कुबा मशिदीत उतरलो, दोन रकात नमाज झाली, छान झालं. किब्लतैनपाशी बस फक्त हळू झाली. नमाज चालू असताना तोंड बैतुल मुकद्दसकडून, म्हणजे जेरुसलेमकडून, काब्याकडे वळवायचा हुकूम आला, त्या घटनेची ही मशीद. आम्हाला ती उजव्या काचेतून दिसली, आणि डावीकडे बसलेल्यांना तेवढीही नाही. खंदकाची जागा चालत्या बसमधून. मग उहुद, वीस मिनिटं. मग खजुराचा बाजार, सव्वा तास, कारण ते दुकान ठरलेलं होतं. आणि मग, इथे मला हात जोडावेसे वाटतात, वादी-ए-जिन! शहरापासून लांब नेऊन ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, गाडी आपोआप चढाला लागल्यासारखी वाटली, सगळ्यांनी मोबाईल काढले, आणि एकानं सांगितलं की जिन ढकलतायत. आजूबाजूच्या डोंगरांच्या उतारामुळे डोळे फसतात आणि उतार चढासारखा दिसतो. असे रस्ते जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. दीनमध्ये, म्हणजे धर्मात, या जागेचं काही स्थान नाही. जाऊन-येऊन दोन तास गेले. जिनांना दोन तास आणि उहुदला शहीद झालेल्या पैगंबरांच्या काकांना, हजरत हमजांना, वीस मिनिटं, हा हिशेब कुणी घातला?

त्या वीस मिनिटांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

उहुदला बस थांबली. आमच्याबरोबरचा मुलगा माइकवर म्हणाला, "ये उहुद पहाड है, यहाँ जंग हुई थी, सत्तर सहाबा शहीद हुए, फातिहा पढ लो, बीस मिनट." सहाबा म्हणजे पैगंबरांचे साथी. आम्ही उतरलो. समोर कठडा, आत मोकळी जमीन, मागे तांबूस डोंगर. बायका कठड्यापाशी उभ्या राहिल्या, हात उचलले, फातिहा झाली. पाच मिनिटांत सगळं संपलं आणि मग एकमेकींकडे बघायला लागलो. अलीकडे एक लहानशी टेकडी आहे, त्यावर माणसं चढत होती. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना भाभीजान म्हणतो, त्यांनी विचारलं, "ही बारकी टेकडी कशाची? हितं सगळे का चढतात?"

ती जबल-ए-रुमात, तिरंदाजांची टेकडी. मी तिथेच एका दगडावर बसून सांगायला लागले. हिजरी सन तीन, म्हणजे इसवी सन ६२५. मक्केचं सैन्य तीन हजारांचं. हुजूरांबरोबर, म्हणजे पैगंबरांबरोबर, हजार निघाले होते, त्यातले तीनशे वाटेतूनच परत फिरले. उरले सातशे. पाठीला उहुदचा डोंगर घेतला, पण एका बाजूनं घोडदळ वळसा घालून येईल अशी फट होती. त्या फटीवर ही टेकडी. तिच्यावर पन्नास तिरंदाज बसवले आणि त्यांना सांगितलं, आम्ही जिंकताना दिसलो तरी जागा सोडायची नाही, मरताना दिसलो तरी सोडायची नाही.

एवढं सांगितल्यावर मी भाभीजानना विचारलं, "घोडखिंड आठवते?"

कोल्हापूरच्या माणसाला घोडखिंड सांगावी लागत नाही. १६६० चा जुलै, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, पावसाची रात्र, आणि विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत खिंड न सोडणारे बाजीप्रभू. चौथीच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं. भाभीजान म्हणाल्या, "व्हय की. मग हितल्यांनी काय केलं?"

इथल्यांनी सोडली. मक्केवाले मागे हटायला लागले, खाली लूट दिसायला लागली, लढाई संपली असं वाटलं आणि बहुतेक तिरंदाज खाली उतरले. त्यांचे सरदार अब्दुल्लाह बिन जुबैर नको नको म्हणत राहिले, त्यांच्याजवळ दहाएक जण उरले. खालिद बिन वलीद तेव्हा मुसलमान झालेले नव्हते, मक्केच्या घोडदळाचे सरदार होते. त्यांनी मोकळी झालेली फट हेरली, वळसा घातला आणि मागून येऊन पडले. हातात आलेली लढाई फिरली. हमजा शहीद झाले, हुजूरांचा दात तुटला, चेहरा रक्तानं भरला.

भाभीजान कितीतरी वेळ टेकडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बाजीप्रभूंचं उलटंच झालं की गं!" आणि पदर डोळ्याला लावला. मघाशी फातिहा पढताना त्या रडल्या नव्हत्या.

(तुलना जागा धरून ठेवण्यापुरती आहे, दर्जाची नाही. मौलानासाहेबांनी रागावू नये.)

तोवर आजूबाजूला सात-आठ बायका गोळा झाल्या होत्या. एकीनं विचारलं, घोडदळ कुठून आलं, बोट करून दाखव. मी उठून दाखवायला लागले, आणि तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. खजुराचं दुकान दुपारी बंद होतं म्हणे.

आयोजक मंडळी, पन्हाळ्यावर माणूस एकटा गेला तरी दगड त्याच्याशी बोलतात. तीन दरवाजा उभा आहे, अंबरखाना उभा आहे, आत गेलं की धान्य किती मावत असेल याचा अंदाज येतो. मक्केत तसं नाही. हाजींची संख्या वाढत गेली, हरम, म्हणजे काब्याभोवतीची मशीद, वाढत गेलं आणि जुनं पोटात गेलं. सफा टेकडीजवळचं हजरत अरकमांचं घर, जिथे पहिले मुसलमान लपून जमत, ते आता मशिदीच्या आवारात विरून गेलंय. हुजूरांच्या जन्माची म्हणून जी जागा सांगतात, तिथे आज एक साधं ग्रंथालय आहे. आम्ही पंधरा दिवस रोज त्याच्यावरून गेलो, आणि हे मला कोल्हापुरात परत आल्यावर पुस्तकात वाचून कळलं. आमच्या हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या ६०१ मीटरच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली तुर्कांच्या काळातला अजयाद किल्ला होता. तो २००२ मध्ये पाडला. मदिन्याच्या बकी कबरस्तानातले घुमट शंभर वर्षांपूर्वी उतरवले. हे बरोबर झालं की चूक, तो वाद इथे नको. मला एवढंच म्हणायचंय की जिथे दगड उरलेले नाहीत तिथे सांगणारा लागतो. बोट दाखवून, "इथे असं होतं," म्हणणारा. तो नसेल तर मक्का म्हणजे हरम आणि भोवती पंचतारांकित हॉटेलं, एवढंच लक्षात राहतं.

बायकांचं तर आणखी वेगळं. जन्नतुल बकीमध्ये आम्हाला आत सोडत नाहीत. मक्केतल्या जन्नतुल मुअल्ला कबरस्तानात पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा आहेत, तिथेही पुरुष आत गेले आणि आम्ही बाहेर उभ्या. नियम आहे, पाळला. पण अर्धा तास बाहेर थांबवलेल्या पंचवीस बायकांना त्या अर्ध्या तासात खदीजांबद्दल कुणीतरी बोलायला नको? स्वतःचा व्यापार सांभाळणारी बाई, जिचे तांडे शामपर्यंत, म्हणजे सीरियापर्यंत, जात, जिनं हिरा गुहेतून थरथरत आलेल्या नवऱ्याच्या अंगावर चादर घातली आणि सगळ्यांत आधी विश्वास ठेवला. तिच्या कबरीच्या बाहेर उभं राहून आम्ही आज रात्री जेवायला काय आहे यावर बोलत होतो. दुसरं बोलायला आम्हाला कुणी काही दिलंच नव्हतं.

आता भाषेचं. आम्ही घरात दखनी बोलतो, मंडईत मराठी, आणि शिकलो तेही बहुतेक मराठीतच. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये इथे मुस्लिम बोर्डिंग काढलं, कुराण मराठीत यावं म्हणून खर्च केला, त्या गावची आम्ही माणसं. तुम्ही जियारतला जो स्थानिक मुलगा ठरवता, तो लखनौ-कराचीच्या वळणाचं उर्दू बोलतो. ऐकायला गोड वाटतं, पण भाभीजानना त्यातलं चार आणे कळतं. आणि त्याला घोडखिंड माहीत नसते. मौलाना तुमच्याबरोबर असतातच, ते मसले, म्हणजे धर्माचे नियम, सांगतील. त्यांच्या जोडीला आपल्या भाषेत, आपल्या गावच्या खुणा वापरून सांगणारं एक माणूस न्या. कोल्हापुरात निवृत्त शिक्षक ढिगानं आहेत आणि आम्हाला बोलायला पैसेही द्यावे लागत नाहीत, उलट थांबवायला द्यावे लागतात.

मक्केच्या जियारतचा दिवस मदिन्याहून बरा नव्हता, पण तिथली एकच गोष्ट सांगते. मक्केबाहेरच्या अराफातहून मुजदलिफाकडे येताना डोंगराच्या कडेनं दगडी बांधकामाची एक लांब ओळ दिसते. पडक्या कंपाउंडसारखी. बसमध्ये त्या वेळी अत्तरांच्या किमती सांगणं चाललं होतं. ती ओळ म्हणजे नहर-ए-जुबैदा. बगदादच्या खलिफा हारून रशीदची बायको जुबैदा हजला आली, पाण्यावाचून हाजींचे हाल बघितले आणि डोंगरातून मक्केपर्यंत पाणी आणायला घेतलं. साधारण बाराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मजुरी फार होईल म्हणून कारभारी कचरले, तेव्हा कुदळीच्या प्रत्येक घावाला एक दीनार पडला तरी चालेल असं ती म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ते पाणी विसाव्या शतकापर्यंत हाजींच्या कामी आलं. नुसतं खोदून भागत नाही, उतार सांभाळायला लागतो, दगड कापायला लागतो, शेकडो वर्षं गाळ काढत राहायला लागतं. भोगावतीवर राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली, हे ठाऊक असलेल्या गावाला जुबैदा समजवायला दोन वाक्यं पुरतात. ती दोन वाक्यं कुणी बोललं नाही. ऊद अत्तराच्या बाटलीची किंमत मात्र मला अजून पाठ आहे.

जेद्दाहबद्दल माझी तक्रार घरगुती आहे. आमचे दादाजान मुंबईहून बोटीनं हजला गेले होते. पत्र्याची ट्रंक, तांदूळ, डाळ, कांदे, आठ-दहा दिवसांचा समुद्र. यात्रेची हद्द असलेल्या यलमलमच्या सरळ रेषेत बोट आली की भोंगा वाजायचा आणि सगळे एहराम, म्हणजे यात्रेची वस्त्रं, बांधायचे. मग जेद्दाह. त्यांच्या सगळ्या गोष्टी तिथून सुरू व्हायच्या, उंच उंच घरं, आणि भिंतीबाहेर आलेल्या लाकडी जाळ्यांच्या खिडक्या. बोटीनं हज १९९५ मध्ये बंद झाली. मी विमानानं पाच तासांत जेद्दाहला उतरले, आणि विमानतळावरून थेट बसमध्ये. ज्या गावातून आपल्या तीन-चार पिढ्या मक्केत शिरल्या, ते गाव आज कुणी बघतच नाही. जुनं जेद्दाह, ज्याला अल-बलद म्हणतात, अजून उभं आहे. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची घरं, रोशन नावाच्या त्या लाकडी खिडक्या, ज्यांचं सागवान हिंदुस्थान आणि जावाहून यायचं. मक्केच्या दिशेचा बाब-मक्का. २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. परतीच्या दिवशी विमान रात्रीचं होतं, आम्हाला दुपारी बारापासून विमानतळावर बसवून ठेवलं. तिथे तांदळाची पेज प्यायल्यासारखी ती दुपार आम्ही गिळली. तेवढ्याच वेळात बलद झालं असतं आणि एक पैसा जास्त लागला नसता, कारण बस तीच, भाडं तेच.

मदिन्यातही असंच एक ठिकाण मशिदीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, जुनं रेल्वे स्टेशन. दमिश्कहून मदिन्यापर्यंत साधारण १,३०० किलोमीटरचा लोहमार्ग तुर्कांच्या सुलतानानं टाकला, १९०८ मध्ये गाडी इथे पोचली. त्यासाठी मुसलमानांनी जगभरातून वर्गणी दिली, हिंदुस्थानातूनही पैसे गेले. पहिल्या महायुद्धात रूळ उखडले गेले आणि मदिन्याची गाडी पुढे बंदच पडली. आमच्या गटात एसटी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले तिघे होते. त्यांना हे स्टेशन दाखवलं असतं तर ते तिथून हललेच नसते.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण मी दोघा-तिघांशी बोलूनही आले.

एक म्हणाले, बाई, माणसं इबादतीला येतात, सहलीला नाही. कबूल. उमरा म्हणजे एहराम, तवाफ म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्या, सई म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या, आणि केस कापणं. यातली एकही गोष्ट जियारतवर अवलंबून नाही. उहुद न बघता आलेल्याचा उमरा माझ्याइतकाच पुरा आहे, हे बसमध्ये पहिल्यांदा सांगायला हवं, म्हणजे गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला अपराधी वाटणार नाही. हेही खरं की काही ठिकाणी लोक दगडाला हात लावून डोळ्याला लावतात, माती पुडीत बांधतात, आणि तिथल्या सरकारनं उर्दूसकट अनेक भाषांत पाट्या लावल्यात की असं करू नका. पण माती का बांधतात? काहीतरी बरोबर न्यावंसं वाटतं म्हणून. गोष्ट दिली असती तर कदाचित पुडी बांधावी लागली नसती. आणि इबादतीचा वेळ जातो ही काळजी असेल तर बाजाराचा सव्वा तास आणि जिनांचे दोन तास आधी परत करा.

दुसरे म्हणाले, म्हातारी माणसं चढणार कशी? हिरा गुहेचा जबल-ए-नूर सगळ्यांना जमणारा नाहीच. तासा-दीड तासाची दमवणारी चढण आहे, आणि वर गुहा म्हणजे जेमतेम एका माणसाची जागा. मी स्वतः चढले नाही. पण आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी हिरा सांस्कृतिक केंद्र झालंय, त्यात वहीवर, म्हणजे पैगंबरांना आलेल्या संदेशावर, प्रदर्शन आहे. थंडगार, बसायला जागा, व्हीलचेअर जाते. चढणारे पहाटे चढतील, न चढणारे खाली बघतील. आमच्या बसनं जबल-ए-नूरचा फोटो काढायला रस्त्याच्या कडेला चार मिनिटं दिली.

तिसऱ्यांनी तर उलटच सांगितलं. म्हणाले, लोकांना आता जास्तच हवंय, म्हणून आम्ही उमरा-प्लस काढलंय. इस्तंबूल, बैतुल मुकद्दस, बगदाद, कैरो. काढा, जरूर काढा, ज्याला परवडतं त्यानं जावं. पण ज्यांना खंदकाची जागा नीट दाखवता येत नाही त्यांनी इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा दाखवायला निघावं, याचं मला हसू येतं. मक्का-मदिन्याचा हा हिजाजच आधी नीट दाखवा. अल-उला आणि हेग्राबद्दल मात्र एक विनंती. मदिन्याहून सव्वातीनशे किलोमीटर, जायला चार तास. नबाती लोकांच्या डोंगरात कोरलेल्या शंभराहून अधिक कबरी, सौदीतलं युनेस्कोच्या यादीत गेलेलं पहिलं ठिकाण, २००८ साली. आपली माणसं त्याला मदाइन सालेह म्हणतात, अल्लाहच्या कोपानं नष्ट झालेल्या समूद लोकांची वस्ती मानतात, आणि अशा जागेवरून रडत, घाईनं निघून जावं असं हदीसमध्ये आलंय. काहींना तिथे पाऊल टाकायला नको वाटतं, काहींना इतिहास म्हणून बघायचं असतं. दोन्ही माणसं एकाच बसमध्ये असतात. हे पत्रकात आधी लिहा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या. तिथे पोचल्यावर पार्किंगमध्ये वाद नको, तो आमच्या ओळखीच्या एका गटात झालाय.

खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त सुधारणा कोल्हापुरातच करता येईल. निघण्याआधी तुम्ही तरबियतचं, म्हणजे तयारीचं, शिबिर घेता. एहराम कसा गुंडाळायचा ते सतरंजीवर उभं राहून दाखवता, मध्ये खुर्ची ठेवून तवाफ शिकवता. चांगलं असतं. त्यातला एक रविवार पन्हाळ्यावर घ्या. हसू नका. सफा-मरवाच्या सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चालणं, तेही संगमरवरावर, तवाफ झाल्यावर. कुणाचे गुडघे कुठे बोलतात ते जेद्दाहला कळण्यापेक्षा पन्हाळ्यावर कळलेलं बरं. तीन दरवाजाच्या कमानीखाली सगळ्यांना बसवा. तिथे पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १५३४ सालचा फारसी शिलालेख आहे. आपलीच माणसं कमानीखाली सेल्फी काढतात आणि वर बघत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये पन्हाळा मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेला, तेव्हा गावभर फलक लागले, पण वर बघणारे वाढले असं काही मला दिसलं नाही. डोळ्यांना सवय इथे लागली तर तिथे कामाला येईल.

त्याच बैठकीत दाभोळची गोष्ट सांगा. आदिलशाहीत हाजी दाभोळच्या बंदरातून जहाजावर चढायचे. आपल्या घाटाखालीच, रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे समुद्राजवळ एक देखणी घुमटाची मशीद आहे, लोक तिला माँ साहेबांची मशीद म्हणतात. विजापूरची एक शहजादी मोठ्या लवाजम्यानिशी मक्केला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण समुद्र सुरक्षित नाही म्हणून तिला पुढे जाता येईना. मग हजसाठी आणलेला पैसा तिनं तिथेच मशिदीत घातला, अशी कथा आहे. विमानाचं तिकीट पर्समध्ये घेऊन बसलेल्या बाईला ही गोष्ट सांगून बघा.

खर्चाचं म्हणाल तर मी हिशेब केलाय. सांगणारं एक माणूस प्रत्येक गटामागे नेलं तरी बेचाळीस जणांत ते वाटलं जाईल, आणि खजुराच्या दुकानाकडून मिळणारं कमिशन तुम्ही सोडा असं मी म्हणत नाही. दुकान ठेवा, फक्त दिवसाच्या शेवटी ठेवा. जियारत एका दिवसात कोंबू नका, मदिन्यात आठ दिवस असतो आपण, दोन सकाळी द्या. पत्रकात हॉटेलपासून हरमचं अंतर जसं मीटरमध्ये लिहिता, तसं उहुदला किती वेळ थांबणार ते मिनिटांत लिहा. आणि वादी-ए-जिन काढून टाका. कुणी विचारलं तर सांगा, जिन सुट्टीवर आहेत.

माझी धाकटी बहीण रबीउल अव्वल महिन्यानंतरच्या गटात जाते आहे, तुमच्यापैकीच एकाबरोबर. तिच्यासाठी मी मोठ्या अक्षरात अठरा पानं लिहून काढलीत, मराठीत, रुमातच्या टेकडीचा नकाशा हातानं काढून. घोडदळ कुठून आलं त्याचा बाण लाल पेननं. झेरॉक्स काढून बसमध्ये वाटा म्हटलंय. आण्णांनीही एक प्रत मागून घेतली. ती वाचून त्यांनी मला बारा प्रश्न लिहून दिलेत, ते बहिणीच्या पर्समध्ये आहेत, उत्तरं तिनं आणायची आहेत. तेवढी बस उहुदला तासभर उभी राहू दे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कोल्हापूर